मास्तर आले

पक्षी पाहणाऱ्यांच्या त्या संकेतस्थळावर रोज निम्म्या तक्रारी एकाच गोष्टीच्या असत: पासवर्ड विसरलो. पाखराच्या शेपटीवरची रेघ वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या या मंडळींना स्वतःचा पासवर्ड आठवडाभर आठवत नसे. उत्तरं देता देता सूनबाईच्या नाकी नऊ आले. (ऑफिसात तिला मॅडम म्हणत, आपल्या गोष्टीत ती सूनबाईच.)

शेवटी तिनं दारच बदललं. पासवर्डची भानगड नको. फोनमध्ये ज्याचं जे मेल खातं असेल, त्याचं बटण दाबायचं की आत. मेलवाली कंपनी सांगणार, ‘हो, हे आमच्या ओळखीचे’, आणि पत्ता जुळला की आपल्या जुन्या नोंदी समोर. जुन्या सभासदांना तशी पत्रंही गेली. मुदतीत जे बटण दाबणार नाहीत, त्यांची खाती पुसायची ठरलं. ऑफिसात तिचं कौतुक झालं. रविवारी सासूबाईंकडे जेवताना तिनं तेही सांगितलं. “चांगलं केलंस हो,” त्या म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी वाढलं.

मुदत संपली त्या दिवशी सकाळी तिनं नव्या सभासदांवर सहज नजर टाकली. एकाचं ना चित्र, ना धड नाव. नोंद एकच: ‘मास्तर आले. खरंच आले.’

सूनबाईचा हात थांबला. मास्तर म्हणजे सासूबाईंच्या खिडकीवरचा पारवा. एका पायानं लंगडत, छाती काढून कठड्यावर येरझारा घालायचा, म्हणून सासऱ्यांनी त्याचं ते नाव ठेवलं होतं. साध्या पारव्याची अशी अदबीनं नोंद करणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यातले सासरे गेल्या हिवाळ्यात गेले.

तिनं पुसायच्या खात्यांत शोधलं. सासऱ्यांचं खातं तिथंच होतं, संध्याकाळी पुसलं जायची वाट बघत. ते उघडलेलं त्यांच्या मेलच्या पत्त्यावर, पण नोंदी दोघांच्या, खिडकीशी बसून केलेल्या. सूचनेचं पत्र त्याच पत्त्यावर गेलं होतं, आणि तिथली पत्रं आता कोण वाचणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साऱ्या जगासाठी दार सोपं केलं, आणि घरचंच माणूस बाहेर राहिलं.

काहीही पुसू नका असं सांगून ती लॅपटॉप उचलून तडक सासूबाईंकडे गेली. त्या खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“आई, तुम्हाला जुन्या नोंदी दिसत नाहीत ना?”

“नाही दिसत.”

“मग बोलला का नाहीत?”

“अगं, लिहायला म्हणून गेले, तर पासवर्डची जागाच नाही. माझ्या मेलचं बटण दाबलं, तर म्हणे, नवीन सभासद, तुमचं स्वागत आहे. म्हटलं, जुनं गेलं असेल.” त्यांनी उशीच्या अभ्र्याची घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. “तू इतक्या हौसेनं सांगत होतीस. त्यात मी कुठं रडगाणं लावू?”

सासूनं सुनेची चूक अशी बिनबोभाट पोटात घातली, हे चार बायकांत सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. सूनबाईला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

“काही गेलं नाहीये. आत्ता जोडते,” ती म्हणाली. “फक्त एक नियम आहे, माझाच. जुनं खातं आपलंच आहे हे पटवायला शेवटची नोंद सांगावी लागते. सासूबाई असल्या तरी.”

ती हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

“सांगायलाच हवी?”

“हो ना.”

“‘मास्तर आले.’ तीच शेवटची.” त्यांनी अभ्रा बाजूला ठेवला. “पण ती खोटी आहे.”

“खोटी?”

“ह्यांना शेवटी शेवटी दिसायचं नाही. उठले की विचारायचे, मास्तर आले का गं? आणि तो मेला किती दिवस फिरकलाच नव्हता. त्या सकाळी मी म्हटलं, आले, कठड्यावर आहेत. म्हणाले, मग लिही की. लिहिलं. म्हणाले, वाचून दाखव. दाखवलं. मग झोपले ते झोपलेच.”

सूनबाई त्यांच्या शेजारी टेकली.

“नंतर मी खिडकीकडे बघणंच सोडलं होतं. परवा पडदा सारला, तर आला की लंगडत. मला वाटलं, त्या ओळीखाली आता खरं लिहावं. तर ती ओळच सापडेना.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “तुमच्यात खोटी नोंद चालत नसेल. पुसायची तर पूस.”

“नाही पुसायची,” सूनबाई म्हणाली. तिनं ‘खात्री पटली’च्या चौकोनात खूण केली, दोन्ही खाती जोडली आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंनी चष्मा लावला. वरच्या ओळीत मास्तर आले होते, आणि लगेच खालच्या ओळीत खरंच आले होते. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, त्या सकाळी पहिली वाचून दाखवली होती तशाच, सावकाश आणि मोठ्यानं.