मराठीचा पेपर

“‘डोळे कमळासारखे’ म्हंजे कंचा अलंकार?” वाल्मिकने विचारलं.

“रूपक,” विजयमाला म्हणाली.

“न्हाई. ‘सारखे’ आलं की उपमा. पुस्तकात लिवलंय.”

कोल्हारात वाल्मिकचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपात नवी तार भरता भरता तो बायकोचा अभ्यास घेत होता. लग्नामुळे नववीत सुटलेली शाळा तिने बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा धरली होती. गेल्या वर्षी दहावीला ती इंग्रजी, गणित सगळ्यांत पास झाली आणि एकट्या मराठीत आपटली. गल्लीत त्यावर पुष्कळ हसणं झालं. तीही हसली, पण पुढे बरेच दिवस ती नळावर बाया पांगल्यावरच जायची. वाल्मिकने ते पाहिलं होतं.

परवा पुन्हा मराठीचाच पेपर होता, आणि अलंकार काही केल्या डोक्यात राहत नव्हते. कमळ तर तिने चित्रातच पाहिलेलं. वाल्मिकने पुस्तक मिटलं आणि समोरच्या पंपाकडे बोट दाखवलं. हा पंप म्हशीसारखा रेकतो, तर काय? ती म्हणाली, उपमा. हा पंप जणू म्हैसच? उत्प्रेक्षा.

उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई, बनुबाई, मध्येच बोलल्या, “कशाची म्हैस? सकाळधरनं रुसून बसलाय त्यो.”

निर्जीव पंप माणसासारखा रुसला, म्हणजे चेतनगुणोक्ती! विजयमालाला ती आपोआप ओळखू आली. आपण नेमकं काय केलं ते बनुबाईंना कळलं नाही, पण त्या भलत्याच खूश झाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुकरला रडवलं, झाडूला नाचवलं, आणि शेजारीण म्हणजे नुसता रणगाडा असं जाहीर केलं. ते रूपक की अतिशयोक्ती, यावरून मायलेकांत चांगलाच वाद झाला. विजयमाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पेपरच्या दिवशी वाल्मिकने तिला मोटारसायकलवरून राहुरीला सोडलं. केंद्राच्या दारात एका मुलीने तिला बाई समजून आपला वर्ग कुठला ते विचारलं. तिने तो शोधून दिला आणि त्याच मुलीच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

बाहेर आली तेव्हा ती भरभर बोलत होती. सगळं लिहून झालं, अलंकार एकही चुकला नाही, वेळसुद्धा उरला. वाल्मिक तिला समोरच्या रसवंतीत घेऊन गेला. मधल्या वेळात तो जेवायला घरी जाऊन येणार होता. जेवलात का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

“गेल्तो. पण तू नसलीस की घर मला वळखत न्हाई.”

लग्नापासून तो तिच्याशी पंपांचं, दुधाचं, पोरांचं बोलत आला होता. असलं काही कधीच नाही. बोलून तोच ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिला.

अलंकार तिने लगेच ओळखला. नाव मात्र सांगितलं नाही. आपल्या ग्लासातला अर्धा रस तिने त्याच्या ग्लासात ओतला.