धोंडिबा, वय वर्षे आठ

सारिकाने आयुष्यात खोटेपणा फारसा केला नव्हता. तेवढी फुरसतच मिळाली नव्हती. तळेगावहून दुपारची लोकल धरायची, मळवलीला उतरायचं, बंगल्यांच्या कुंपणांना वळसे घालत पाऊण तास चढायचं आणि कातकरवाडीतल्या एका खोलीत, शाळा सुटून आलेल्या बत्तीस पोरांना संध्याकाळपर्यंत शिकवायचं, खाऊ घालायचं, त्यांची नखं कापायची, भांडणं सोडवायची. संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात या सगळ्याला ‘सर्वांगीण विकास’ म्हणत. वाडीत त्याला ‘सारिकाताईकडं जानं’ म्हणत. असं सरळ काम करणाऱ्या मुलीने एका म्हाताऱ्याचं वय साठ वर्षांनी कमी करावं, याला कारण एक कोपरा झाला.

ऑफिसातल्या स्नेहल मॅडम मुलांच्या मनाचं बघत. प्रत्येक केंद्रात ‘मनाचा कोपरा’ हवा, असं त्यांनी ठरवलं. निळी गादी आली, जुन्या साडीचा पडदा लागला, भिंतीवर पिवळ्या गोल हसऱ्या चेहऱ्याचं चित्र चिकटलं आणि त्याखाली पाटी: इथे कुणीही बसू शकतं. बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. स्वतःला वाटेल तेव्हाच उठायचं.

पोरांनी पहिल्या दिवशी गादीवर कोलांट्या मारल्या, दुसऱ्या दिवशी पडद्याचा झोका केला आणि तिसऱ्या दिवशी कोपरा विसरून ती खेकडे धरायला ओढ्यावर गेली. लक्ष राहिलं ते एकट्या पायलचं. अकरा वर्षांची ही पोर जूनमध्ये जोडाक्षर दिसलं की पुस्तक मिटायची. आता ती बिस्किटाचा पुडा, बंगल्यांची फाटकं, औषधाची बाटली, जे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटली होती. तिने ती पाटी आपल्या आजोबांना, धोंडिबाला, वाचून दाखवली. धोंडिबाने दोनदा वाचायला लावली.

“कुनीबी म्हंजी?”

“कुनीबी, आबा. तसंच लिव्हलंय.”

“आन इचारायचं न्हाई?”

“कायबी न्हाई.”

धोंडिबाने दारात चपला काढल्या आणि तो जाऊन गादीवर बसला.

धोंडिबाची अडचण साऱ्या वाडीला ठाऊक होती. त्याची बायको शकुबाई चुलीपाशी बोलायला लागायची ती अंथरूण घालेपर्यंत, आणि तिचं बोलणं म्हणजे नुसते प्रश्न. पानी भरलं का? काटक्या कुटं हायेत? खेकड्याची टोपली कुनाला दिली? माझ्या बानं तुमच्यात काय बगितलं? शेवटचा प्रश्न गेली पंचेचाळीस वर्षं रोज येत होता आणि धोंडिबाला त्याचं उत्तर अजून सापडलं नव्हतं. जिथे काही विचारायचं नाही असं पाटीवर लिहून ठेवलंय, अशी जागा त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो रोज यायला लागला.

कोपऱ्यात कोण बसलं, याची नोंद सारिकाला फोनवरच्या फॉर्ममध्ये करावी लागे. फॉर्म चौदाच्या वरचं वय घेत नव्हता. अडुसष्ट टाकलं की लाल अक्षरं यायची. नोंद नाही केली तर कोपरा वापरात नाही असं ऑफिस म्हणणार आणि गादी दुसऱ्या केंद्रावर जाणार. तिने ‘अडुसष्ट’मधले साठ सोडून दिले. नाव धोंडिबा, वय आठ. शेऱ्यात मात्र तिने खरं तेच लिहिलं: घरी सतत बोलणी खावी लागतात.

मग रांगच लागली. धोंडिबाचा मुलगा आकाश, पायलचा बाप, तो कामाला जायचा त्या बंगल्याचा मालक पाहुण्यांदेखत त्याला घालूनपाडून बोलला त्या दिवशी येऊन तासभर पडद्याआड बसला. कुणी विचारलं नाही. जाताना डोळे पुसत गेला. तेही आपण बघितलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. नवऱ्याला ओढून न्यायला आलेली शकुबाई पाटी ऐकून दारातच थांबली आणि दुसऱ्या दिवशी कुंकवाचा करंडा घेऊन आली. पिवळ्या चेहऱ्याच्या कपाळावर तिने ठसठशीत टिळा लावला.

“आजी, तो देव नाही,” सारिका म्हणाली.

“मला काय कळत न्हाई व्हय? छापील हाय. पर रोज हसतंय बिचारं, त्याचं कपाळ मोकळं बरं दिसत न्हाई.”

सप्टेंबरात स्नेहल मॅडमचा फोन आला. धोंडिबा नावाचा मुलगा सलग एकवीस दिवस कोपऱ्यात बसतोय, घरी सतत ओरडा खातोय, हे फार गंभीर आहे. मी उद्याच येते. खरं सांगायला सारिकाने तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.

मॅडम आल्या त्या रंगखडूंची पेटी आणि कापडी अस्वल घेऊन. पडदा हळूच सारून गोड आवाजात म्हणाल्या, “धोंडिबाऽ, कसं वाटतंय बाळा?”

आत अडुसष्ट वर्षांचा धोंडिबा डोळे मिटून बसला होता. त्याने एक डोळा उघडला, अस्वलाकडे बघितलं आणि परत मिटला. बत्तीस पोरांच्या माना मॅडमकडे वळल्या. मॅडमनी चक्क विचारलं होतं.

दारातून शकुबाई पुढे झाली. “मॅडम, तुमी शिकलेल्या बाया. पाटी वाचता येती न्हवं?”

मॅडमनी आपणच लिहिलेली पाटी वाचली. मग सारिकाकडे एवढा वेळ पाहिलं की तिने मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला. पण बाई मनाच्या मोठ्या होत्या. खो खो हसल्या, धोंडिबाला खडू देऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “फॉर्ममध्ये राहू दे आठच.” अस्वल पायलच्या धाकट्या भावाने चघळून संपवलं.

तो भाऊ सात महिन्यांचा होता, आणि खरा घोर तिथेच होता. दिवाळी सरली की वाडीतली पाच घरं घाट उतरून कर्जतच्या अंगाला वीटभट्टीवर जायची, ती जूनलाच परत यायची. आकाशचं घर त्यातलंच. यंदा तान्ह्याला सांभाळायला पायल हवी होती. दरवर्षी ती जायची आणि परत आली की पाढे पुन्हा दोनपासून. यंदा तर गेली की संपलंच. बाराव्या वर्षी भट्टीवरच्या पोरी विटा उचलायला लागतात आणि मग पुस्तक हातात येत नाही. सारिकाने आकाशला तीनदा विनवलं. तिन्ही वेळा तो मान खाली घालून एकच बोलला.

“ताई, मी आन पायलची आय दिसभर मातीत. बाळाला कोन बगनार?”

त्याचं चुकत नव्हतं. म्हणून तर सारिकाला राग आला, आणि तो काढावा कुणावर ते कळेना.

निघायच्या दिवशी ती सकाळच्याच लोकलने आली. टेंपो उभा होता. भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या, सगळं चढलं होतं. फक्त पायल सापडत नव्हती. शेवटी केंद्राच्या पडद्याखाली तिचे पाय दिसले. पोर गादीवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

आकाश तरातरा आत आला. पडद्याला हात लावला आणि थांबला. या गादीवर तोही एक तास बसून गेला होता. त्याला कुणी उठवलं नव्हतं.

न्यायला आलेला भट्टीचा मुकादम मागून खेकसला, “अरं उचल की पोरीला. ऊन व्हाया लागलं.”

“पाटी वाचा,” धोंडिबा म्हणाला.

“कसली पाटी?”

“वाचा म्हनतो ना. आदी चपला काडा.”

खोलीत जमलेली एवढी माणसं अनवाणी उभी बघून मुकादमानेही चपला काढल्या. पाटी वाचली, टिळा लावलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन हॉर्न दाबत बसला. आकाश पडद्याआड गेला आणि लेकीच्या शेजारी टेकला. हॉर्न वाजत राहिला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सारिकाला हात जोडून म्हणावंसं वाटत होतं, ‘हिला ठेवा हो.’ पण नियम तिनेच शिकवला होता.

शकुबाईला एवढा वेळ गप्प बसलेलं वाडीने कधी पाहिलं नव्हतं. ती पदराचं टोक पिळत उभी होती. मग ती बोलली, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या बोलण्यात प्रश्न नव्हता.

“मी येते भट्टीवर. बाळाला मी बगते. पोर हितं ऱ्हाईल.”

आकाश पडद्याबाहेर आला. आईकडे बघवेना, म्हणून तिची पिशवी आणायला घराकडे गेला. धोंडिबा तोंड उघडून उभाच होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. टेंपोत नातवाला मांडीवर घेऊन बसल्यावर शकुबाईचे प्रश्न परत सुरू झाले आणि वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत राहिले. पीठ कोन दळनार? पोरीची येनी कोन घालनार? ऱ्हायलेल्या कोंबड्या कोन झाकनार?

तीन दिवस धोंडिबा केंद्राकडे फिरकला नाही. आता त्याला काय गरज, असं सारिकाला वाटलं. चौथ्या दिवशी ऐन पाढ्यांच्या वेळी तो आला, चपला काढल्या आणि पडद्याआड जाऊन बसला. नेहमीसारखं पाठ टेकून नव्हे. पाहुण्याच्या घरी बसावं तसा.

सारिकाने फोन काढला. धोंडिबा, वय आठ. शेरा लिहिताना तिचा अंगठा थांबला. मग तिने लिहिलं: घरी कुणी बोलत नाही.

पायल मध्येच पाढा सोडून उठली. तिची वेणी एका बाजूला भलतीच वर बसली होती. धोंडिबाच्या हातची होती. पडद्यापाशी जाऊन तिने कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब आजीच्या आवाजात दरडावलं, “पानी भरलं का?”

पोरांचे पाढे थांबले. नियम मोडला होता, तोही वाचणारीनेच. सारिका तिला थांबवायला पुढे झाली, पण पडद्याआडून उत्तर आलं.

“भरलंय.”

“काटक्या कुटं हायेत?”

“परसात.”

“खेकड्याची टोपली कुनाला दिली?”

“कुनालाबी न्हाई.” आवाजात आता जरा जीव आला होता. “इचार, अजून इचार.”

“माझ्या बानं तुमच्यात काय बगितलं?”

पडदा सरला. धोंडिबाने उपरण्याने तोंड पुसलं.

“ते म्या तिलाच कदी इचारलं न्हाई,” तो म्हणाला. “जूनला आली की इचारू.”