सासूबाईंच्या खोलीतली वाफ

अमेरिकेतल्या बफेलोतला जानेवारी म्हणजे थट्टा नव्हे, आणि अशा जानेवारीत झेनन बैठकीतल्या सोफ्यावर पाय मुडपून झोपत होता. सोफा आखूड, झेनन लांब. त्याच्या पलंगावर, त्याच्या बायकोशेजारी, सासूबाई खुशाल घोरत होत्या.

सासूबाईंची, म्हणजे लिओकादियाबाईंची खोली घराच्या पार टोकाला. तिथला वाफेवर तापणारा रेडिएटर गारठलेला आणि बाकीचं घर इतकं तापलेलं की झेननची बायको बोझेना खिडकी उघडून भांडी घासायची. "आधी माझी खोली तापवा, मग पलंग मागा," असं बाईंनी जावयाला स्वच्छ सांगितलं होतं.

झेननने तळघरात जाऊन बॉयलरचा दाब वाढवून पाहिला. पाइप असे ठणाठण वाजले की बाई गळ्यातला क्रॉस धरून उठून बसल्या. खोली गारच राहिली.

शेवटी तो वैतागून रेडिएटरपुढे फतकल मारून बसला, तेव्हा त्याला बाजूचा हवेचा बोटभर व्हॉल्व्ह दिसला. वाफेची जुनी व्यवस्था ती. आतली हवा या व्हॉल्व्हच्या छिद्रातून बाहेर गेल्याशिवाय वाफ आत येणार कशी? आणि छिद्रावर तर चंदेरी रंगाचा जाड थर. चर्चचे फादर नव्या वर्षाचा आशीर्वाद द्यायला येणार म्हणून बाईंनीच रेडिएटर रंगवला होता, अगदी मन लावून, कानाकोपरा न सोडता.

झेननच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं बोलावं, तर बाई रुसणार, आणि रुसलेल्या बाई ईस्टरपर्यंत पलंग सोडणार नाहीत.

"आई, व्हॉल्व्ह म्हातारा झालाय," तो म्हणाला.

"ते मला रंगवतानाच दिसलं होतं. तुमचं कुठे लक्ष असतं घरात, जावईबापू?"

हार्डवेअरच्या दुकानातल्या एडीने मधल्या मापाचा व्हॉल्व्ह पुढे केला.

"सगळ्यात जोरकस कुठला?" झेननने विचारलं.

"तो नको नेऊस. हवा भसकन निघते त्यातून, मग घरातली सगळी वाफ आधी तिकडेच धावते. सासूला भाजायचंय का तुला?"

"मला झोपायचंय," झेनन म्हणाला, आणि सगळ्यात जोरकस घेऊन आला.

नवा व्हॉल्व्ह फुसफुसला आणि बघता बघता खोलीची भट्टी झाली. बाईंनी शाल काढली, स्वेटर काढला, जावयाला करंजीसारखे, लोण्यात परतलेले ताटभर पिएरोगी वाढले आणि उशी उचलून आपल्या खोलीत गेल्या. झेननला इतका आनंद झाला की भर दुपारीच त्याने बोझेनाला हाताला धरून पलंगाकडे नेलं. तीही हसत हसत आली.

जरा वेळाने त्याचं नाक गार पडलं. मग पाय. घराचा थर्मोस्टॅट नेमका बाईंच्या दाराबाहेरच्या भिंतीवर होता. तिथे ऊब पोचली की तो बॉयलर बंद करून मोकळा व्हायचा, उरलेल्या घराचं काही का होईना.

बोझेना उठली. तिने उशी काखोटीला मारली, रजई ओढून घेतली.

"कुठे निघालीस?"

"आईकडे. काय छान ऊब आहे तिथे."

"अगं, पण हे सगळं मी कशासाठी केलं?"

"आईसाठी. ती किती खूश आहे बघ तुझ्यावर," बोझेना म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं.

पलंग झेननला परत मिळाला होता. अख्खा.