नऊशे घोडे आणि माझी वजाबाकी

आमच्या गावात माणूस रविवारी चर्चमध्ये खरं बोलतो आणि सोमवारी माझ्या गॅरेजमध्ये येऊन इंजिनाची ताकद सांगतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधतो. आठवडाभर रस्त्यावर चालणाऱ्या आणि शनिवारी शर्यतीच्या पट्ट्यावर उतरणाऱ्या गाड्यांचे. गिऱ्हाईक आलं की विचारतो, गाडीचं वजन किती, टायर केवढे, इंजिन किती घोड्यांचं, म्हणजे किती अश्वशक्तीचं. वजन सगळे कमी सांगतात, स्वतःचं सांगावं तसं. घोड्यांच्या बाबतीत मात्र सगळेच उदार. म्हणून सांगितलेल्या आकड्यातून एक तृतीयांश घोडे मुकाट्याने वजा करायचे, हा इंडियानातल्या आम्हा गिअरबॉक्सवाल्यांचा शिरस्ता. वीस वर्षांत माझा एकही बॉक्स तुटून परत आला नव्हता आणि मी ते चारचौघांत सांगायची संधी सोडत नसे.

मे महिन्यात आर्डिथबाई आल्या. शाळेत त्या आम्हाला गणित शिकवायच्या. आता वय सदुसष्ट. यजमान गेले ते एक जुनी गाडी आणि अर्धवट खोललेलं इंजिन मागे ठेवून. बाईंनी ते दोन हिवाळ्यांत स्वतःच्या हाताने पुरं केलं. हे त्यांच्या भावाला, लाइलला, बघवेना. गाडी उभी होती त्याच्या कोठारात, त्यामुळे त्याचा शब्द चालायचा, आणि त्याने विकत घेणारा माणूसही शोधून ठेवला होता. शेवटी दोघांचं ठरलं: गाडीने चाळीस मैलांवरच्या पट्ट्यावर स्वतःच्या चाकांवर जायचं, एकदा पळायचं, स्वतःच्या चाकांवर घरी यायचं. आली तर गाडी बाईंची. बंद पडून टो ट्रकवर लादून आली तर लाइल विकणार.

पट्ट्यावरच्या पंडितांनी बाईंना दोन गिअरचा बॉक्स सुचवला होता. या पंडितांच्या गाड्या ट्रेलरवर बसून येतात. दोन गिअरवर चाळीस मैल हायवेने गेलं तर इंजिन सारा वेळ बोंबलत राहतं, हे त्यांना कोण सांगणार? तीन गिअरचा बॉक्स दणकट, पण तोही लांबच्या रस्त्याला कुरकुरतो. मी चार गिअरचा ठरवला. त्याची दुखरी जागा एकच, इंजिनाचा सगळा जोर पहिल्यांदा अंगावर घेणारा आतला दांडा. साधा दांडा सातशे घोड्यांपर्यंत तग धरतो. त्यापुढे खास पोलादाचा लागतो आणि तो फार महाग.

"किती घोडे, बाई?"

"नऊशे."

मी आदराने मान डोलावली आणि सहाशे धरले. साधा दांडा बसवला. म्हातारीच्या खिशाला उगाच कात्री कशाला, असा दयाळू विचारही केला. माझा दयाळूपणा असा भलत्या वेळी जागा होतो.

शनिवारी गाडी सुरळीत पट्ट्यावर पोचली, मागोमाग लाइल आणि मीही. बाईंनी सँडविच खाल्लं, हेल्मेट चढवलं. हिरवा दिवा लागला आणि पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली. सहाशे घोड्यांची गाडी असं करत नाही. दुसरा गिअर पडला तसा खाडकन आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी नुसती घरंगळत गेली. दांडा तुटला होता, ते कळायला मला बॉक्स खोलायची गरज नव्हती.

लाइलने टो ट्रकला फोन केला. एवढ्या तत्परतेने त्याने बहिणीसाठी यापूर्वी काही केल्याचं मला आठवत नाही.

"ताई, चुकलंच बघ तुझं गणित," तो म्हणाला.

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण बाई हेल्मेट काखेत धरून स्वतःच्या इंजिनाकडे संशयाने बघायला लागल्या, आणि ते मला सहन झालं नाही.

"इंजिनात काही चूक नाही," मी म्हणालो. "बाईंनी नऊशे सांगितले होते. मी सहाशे धरले."

"असतील. गाडी ट्रकवर चाललीय ना? तेवढंच ठरलं होतं," लाइल म्हणाला.

ठरलं होतं हे खरंच होतं, आणि बाई शब्द फिरवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी जुडग्यातून घराची किल्ली सोडवून घेतली आणि गाडीची लाइलच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"ऑरिन, तू मला विचारलं होतंस ना, किती घोडे म्हणून?"

"हो, बाई."

"कशाला?"