शिसवी कपाटाची नवी जागा

बायको गेल्यावर वर्षभराने नाना मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा घरातलं सगळं सामान जुन्या फर्निचरवाल्याला देऊन मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं. नव्या फ्लॅटच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींपुढे ही काळी धुडं कशाला? त्यांना स्वतःला तर पाय पसरून बसता येईल असा गुबगुबीत सोफा हवा होता.

जेवणाचं टेबल टेम्पोत चढलं. हमालांनी शिसवी कपाटाला हात घातला, तशी सून आडवी आली.

"हे नाही द्यायचं, नाना. त्यावरचा पितळी टेबललॅम्पही नाही."

"अगं, अडगळ ती! लोक हसतील तुमच्या घराला."

"हसू देत. असं काम हल्ली बघायला तरी मिळतं का?" दारावरच्या कोरीव वेलीवरून तिने बोट फिरवलं.

"नको म्हणतोय ना!" नानांचा आवाज चढला. मग तेच ओशाळले. "शेवटी शेवटी तिची औषधं असायची त्यावर. बाटल्या, गोळ्या, थर्मामीटर. मला दुसरं काही दिसतच नाही त्यात."

सून हळूच म्हणाली, "आणि त्याआधी काय असायचं?"

नाना विचारात पडले. "रेडिओ. हा दिवा लावून ती विणत बसायची. आवडतं गाणं लागलं की टाके चुकायचे, आणि खापर माझ्या डोक्यावर!" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. हे कित्येक दिवसांत आठवलंच नव्हतं. "ने बाई, ने."

पुढच्या रविवारी नाना आणि सुनेने नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत पसारा मांडला. कपाटाच्या माथ्यावरचे बाटल्यांचे गोल डाग नाना स्वतः पॉलिशपेपरने घासत बसले. एक पुसट डाग काही केल्या जाईना. "राहू दे," ते म्हणाले. इलेक्ट्रिशियनने दिव्याची जीर्ण वायर बदलून दिली.

संध्याकाळी पांढऱ्या भिंतीशी कपाट उभं राहिलं, शेजारी नानांचा राखाडी सोफा. दिवा लागला आणि शिसवातल्या तांबूस रेषा उजळून निघाल्या. मुलगा बाहेरून आला तो दारातच थबकला.

"हे आपलं कपाट?"

"मग काय शेजाऱ्यांचं?" नाना सोफ्यावरून ऐटीत म्हणाले. जरा वेळाने त्यांनी सुनेकडे पाहिलं. "काय गं, ते जेवणाचं टेबल विकलं असेल का त्या फर्निचरवाल्याने?"

सुनेने फोन हातात घेतलाच होता.