गुडघ्याइतकी फीत

सत्यशीलाबाईंना स्वयंसेवक होण्याचा आदेश आला तेव्हा त्यात 'स्वेच्छेने' हा शब्द दोनदा होता. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि जिल्ह्याला जे जे शोभतं ते ते एकेक करून उरकलं जात होतं. त्या हिवाळ्यात मतिमंदांच्या क्रीडास्पर्धांची पाळी आली. बाई मुलचेऱ्याच्या शाळेतून पहाटेच्या एसटीनं आल्या, त्यांनी छातीवर बिल्ला लावून घेतला आणि त्यांच्या हातात मुखरूचा हात देण्यात आला.

मुखरू सव्वीस वर्षांचा होता. समितीच्या लेखी तो 'बालक' होता. तलावात मासे धरणाऱ्या घरातला, जाळं ओढून ओढून खांदे भरलेला, बाईंपेक्षा चांगला वीतभर उंच. स्वयंसेवकानं बालकाचा हात धरून धावायचं, म्हणजे बालक पडणार नाही, असा नियम होता. बाई पडल्या तर काय, याचा विचार कोणी केलेला नव्हता.

मुखरूची आई रुखमा कुंपणाशी बसली होती. तिनं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की गावात कबड्डीचा डाव मांडला की मुखरूला काठावर बसवतात, बाकीच्यांचे कपडे सांभाळायला. या वेळी तो साऱ्या गावाला सांगून निघाला होता, पयला नंबर आणतो म्हणून.

"नाई आला तरी चालते, बाई," ती म्हणाली. "पण पळू द्या त्याले."

शिट्टी वाजली. थोड्याच अंतरावर बाईंचा दम आणि मुखरूचा हात एकदमच सुटले. नियम मोडला खरा, पण नियमाला मुखरूइतकं पळता येत नव्हतं. बाकीचे सहा बालक आपापल्या स्वयंसेवकांना ओढत मागं कुठंतरी येत होते. लटारू नावाच्या एका काटकुळ्या गड्याच्या वाट्याला तर तहसीलमधले एक वजनदार कारकून आले होते. तो धावत कमी आणि नांगर ओढत जास्त होता.

शेवटच्या रेषेवर लाल फीत होती. समितीचे अध्यक्ष, लाकडाचे ठेकेदार भैयाजी, यांनी सकाळी उद्घाटनाला कापली त्यातलीच उरलेली. दोन गुरुजी ती धरून उभे होते, मग हात भरून आले म्हणून बसले, आणि फीत गुडघ्याइतकी खाली आली.

मुखरूच्या घरात पसरलेल्या जाळ्याची दोरी कोणी ओलांडत नाही. ओलांडली तर तलाव रुसतो आणि आई पाठीत धपाटा घालते. तलाव रुसलेला मुखरूनं पाहिला नव्हता, धपाटे मात्र भरपूर खाल्ले होते. तो फितीपाशी आला आणि थांबला, कोणीतरी उचलेल म्हणून.

गुरुजींना वाटलं, दमला असेल. मागचे येत गेले, पुढचा थांबलाय म्हणून थांबत गेले. सातही जण ओळीत उभे राहिले तेव्हा गुरुजी गडबडून उठले, फीत वर गेली आणि सगळे तिच्या खालून एकदमच पलीकडं गेले.

भैयाजींनी माइक घेतला, रुमालही घेतला. या निष्पाप जीवांना हारजीत ठाऊक नाही, असं ते म्हणाले. या बाळानं सोबत्यांसाठी पहिला नंबर सोडून दिला, आपण शहाण्यांनी काही शिकावं. म्हणून आज इथं सगळे समान, सगळे पहिले, आणि सगळ्यांना स्टीलचा एकेक पेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनांचे डोळेही ओले झाले. त्यांचा दम अजून खाली बसायचा होता.

मुखरूनं पेला जमिनीवर ठेवला.

"मी पयला आलो होतो, बाई," तो म्हणाला. "दोरी कोणं उचललीच नाई."

"कुठली दोरी?"

त्यानं बोट दाखवलं आणि कोणीही जाळ्यावरून पाय टाकत नसतं, हे बाईंना जरा दमात घेऊनच सांगितलं.

'सगळे समान' हे वाक्य सत्यशीलाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. म्हणणारा बहुतेक वेळा खुर्चीवर असायचा आणि ऐकणारे खाली. त्या मंचाकडं गेल्या आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागेल असं म्हणाल्या. भैयाजींनी समजुतीनं घेतलं. कार्यक्रम पुढं गेलाय, जेवण निवतंय, शिवाय पोरांना काय कळतं. मग समजूत संपली आणि त्यांनी बदलीचं नाव काढलं. पण मुलचेऱ्यात नोकरी करणाऱ्याला बदलीची भीती दाखवण्यात अर्थ नसतो. त्यापुढं बदली करायची तर झाडावरच करावी लागली असती.

"तुमचं भाषण चालू द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "आम्ही तवर धावून घेतो."

त्यांनी गुरुजींच्या हातातली फीत गुंडाळून टेबलावर ठेवली आणि शेवटच्या रेषेवर फक्कीचा पांढरा पट्टा ओढला. स्वयंसेवकांना हात सोडायला सांगितलं. कारकुनांनी सर्वांत आधी सोडला. मग टेबलावरची शिट्टी न विचारता उचलून त्यांनी वाजवली.

माइकवर निष्पाप जीवांविषयी चालू होतं आणि निष्पाप जीव कोपरानं एकमेकांना ढकलत सुटले होते. मुखरू पुढं होता. पण आता लटारूच्या मागं नांगर नव्हता. अगदी पट्ट्यापाशी तो मुखरूच्या बाजूनं सुरकन निघून गेला.

भैयाजी भाषण सोडून खाली आले. मुखरूच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी तो पेला पुन्हा त्याच्या पुढं केला. "वाईट नको वाटून घेऊ, बाळा. तू पण पहिलाच."

मुखरूनं त्यांचा हात डोक्यावरून काढला.

"मी दुसरा आलो, भाऊ. लटारू पयला. तुमाले दिसत नाई काय?"

कुंपणापलीकडून रुखमाचा आवाज आला. त्या काडीच्या मागं राह्यला, लाज कशी नाई वाटत तुले. मुखरूला हरल्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. तो ताठ झाला. लटारूकडं बघून त्यानं मानेनंच खुणावलं आणि सुरुवातीच्या रेषेकडं चालू लागला. लटारूही निघाला, मग उरलेले पाच.

भैयाजींनी विचारलं, आता हे काय. जेवणाचं काय.

सत्यशीलाबाईंनी बिल्ला काढून त्यांच्या हातातल्या पेल्यात टाकला. शिट्टी तेवढी ठेवून घेतली.