एका नंबरावर अर्धा तास

“वायफायचा खांब पुतळ्यापेक्षा उंच जातोय, मॅडम. नाही चालायचं,” पालिकेचे ओव्हरसियर छगन वाबळे नकाशावर पेन आपटत म्हणाले.

“मग बुटका लावा.”

“बुटका लावला तर रेंज जात नाही.”

“मग पुतळ्यालाच विचारून या, त्यांची काही हरकत आहे का.”

वाबळे हसले नाहीत. पुतळ्याच्या बाबतीत आमच्या गावात कुणी हसत नाही.

सत्यशीला गायके पालिकेच्या उद्यान विभागात कनिष्ठ लिपिक. उद्यान विभाग म्हणजे बागेच्या फाटकाजवळची एक खोली. तिच्यात एक टेबल, एक पंखा आणि गवत कापायचं बंद पडलेलं मशीन. आधी या टेबलावर त्यांचा नवरा बसायचा. तो गेल्यावर अनुकंपेवर त्यांना खुर्ची मिळाली आणि खुर्चीबरोबर त्याचा शेराही मिळाला : ‘त्रुटींची पूर्तता करावी.’ कुणाला वाढदिवसाचे फुगे बांधायचे असत, कुणाला योगवर्गासाठी स्पीकर लावायचा असे, लग्न ठरलेल्या जोडप्यांना कारंज्यापुढे फोटो काढायचे असत. सगळ्यांना त्या हा शेरा लिहून देत. माणसं चिडत. नियम काय मी केलेत का, असं म्हणून त्या चहा पीत.

आता तोच शेरा फिरून त्यांच्या अंगावर येत होता. आणि तो कैनातमुळे.

कैनात नूरमहंमद टेम्पोवाल्यांची मुलगी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्याच्या एका संस्थेच्या फुकट ऑनलाईन वर्गात तिचा नंबर लागला होता. अभ्यासाला शाळेने दिलेला जुना टॅब होता, पण त्यात सिम नव्हतं. घरात फोन एकच, तो बापाबरोबर टेम्पोतून कधी कोपरगावला, कधी भंडारदऱ्याला फिरायचा. शेजाऱ्यांकडे नेट मागून मागून ती कंटाळली होती. शेजारी तिच्याही आधी कंटाळले होते. दर शनिवारी संध्याकाळी तासाभराची चाचणी असे आणि तीन चुकल्या की वर्गातून नाव कमी होई.

“मॅडम, बागेत वायफाय येणार होतं ना?” तिने एकदा खोलीच्या दारात येऊन विचारलं.

वायफायचा डबा येऊन पडला होता, सत्यशीलांच्याच कपाटात, खतांच्या पुड्यांशेजारी. तो लावायची परवानगी कुणी मागितलीच नव्हती.

मग त्यांनी मागितली. पहिला ना-हरकत दाखला उद्यान विभागाचा, म्हणजे त्यांचाच. त्यांनी अर्ज लिहिला, त्यावर स्वतःच आवकचा शिक्का मारला आणि सवयीने वाचून पाहिला, तर जागेचा नकाशा जोडलेला नव्हता. त्यांनी खाली लिहिलं : त्रुटींची पूर्तता करावी. पेन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाग झाडणाऱ्या भागूबाई दारातून बघत होत्या. “काय झालं ताई, हसताय का रडताय?”

“ठरलं नाही अजून,” सत्यशीला म्हणाल्या.

वृक्ष समिती म्हणाली, वायर कडुनिंबाला टेकता कामा नये. विजेच्या कचेरीत कळलं की बागेचं मीटर दिव्यांसाठी आहे आणि हा काही दिवा नव्हे.

“यावर हिरवा दिवा लागतो की,” सत्यशीला म्हणाल्या.

समोरच्याने खरंच विचार केला. “तसं लेखी द्या.”

त्यांनी दिलं. पोलिसांनी विचारलं, बागेत बसून कुणी नको ते बघितलं तर जबाबदार कोण? त्या रकान्यात त्यांनी आपलंच नाव घातलं. फाईल अशी गावभर हिंडत होती तेवढ्यात कैनातच्या दोन चाचण्या चुकल्या.

शेवटी खांब पुतळ्याच्या खांद्याइतका बसवला. रेंज मिळाली ती शौचालयाच्या भिंतीलगतच्या बाकड्यावर, तेवढीच.

“वास येतो मॅडम,” कैनात म्हणाली, “पण नेटपण येतं.”

शनिवारी चाचणीला ती तिथे बसली. टॅबने मोबाईल नंबर विचारला, म्हणजे त्यावर ओटीपी येणार. नंबर बापाचा, आणि बाप घाटात, रेंजच्या बाहेर. खांबावर पाटी होती : ‘एका नंबरावर दिवसाला अर्धा तास. ओटीपी इतरांस देऊ नये. दिल्यास सुविधा बंद करण्यात येईल.’

“हे कुणी ठरवलं?” सत्यशीला वाबळ्यांवर कडाडल्या.

“वरून आलंय. नियम काय मी केलेत का?”

हे वाक्य समोरून ऐकायला कसं लागतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

त्यांनी आपला नंबर टाकला, आकडे वाचून दाखवले. अर्धी चाचणी झाली आणि नेट गेलं. वाबळे तोवर निघून गेले होते. बागेत फोनवालं ओळखीचं माणूस एकच होतं.

“माजा नंबर? न्हाई बया!” भागूबाईंनी फोन कमरेला आणखी घट्ट खोचला. “बँकेतला साहेब म्हनला, ह्यो आकडा नवऱ्याला बी सांगायचा न्हाई. माज्या नंदंनं सांगितला, तर खातं धुऊन न्येलं मेल्यांनी.”

“मावशी, हा बँकेचा नाही,” कैनात रडकुंडीला आली होती.

“समदे असंच म्हनत्यात.”

सत्यशीलांनी पाटीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत नियम मोडा असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

भागूबाईंनी पोरीकडे पाहिलं, मग खराटा भिंतीला टेकवला. “टाक नंबर. पन त्वांडानं सांगनार न्हाई म्हंजे न्हाई. तुजं तू बग.” आणि पदराचा आडोसा करून त्यांनी फोन कैनातच्या डोळ्यांपुढे धरला.

पुढे रोजच तसं चाललं. आधी ताईंचा अर्धा तास, मग मावशींचा. कैनात शिकायची तेव्हा भागूबाई शेजारी टेकून टॅबमध्ये डोकावत.

दोनेक महिन्यांनी वायफायवाल्या कंपनीचा अहवाल आला. सर्वाधिक वापराच्या नंबरांत सत्यशीलांच्या खालोखाल नंबर होता भागूबाई खंडागळे यांचा, पालिकेच्याच सफाई कामगार. मुख्याधिकारी हरखले. “मॅडम, ही तर बातमी आहे! पेपरला देऊ.” आणि शनिवारी संध्याकाळी ते फोटोग्राफर घेऊन बागेत आले. नेमके शनिवारीच.

पुतळ्यापुढे सगळे उभे राहिले. भागूबाई मधोमध, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात फोन धरून.

“मावशी, काय काय बघता नेटवर?” साहेबांनी कौतुकाने विचारलं.

“समदं बगते.”

“म्हणजे?”

“हाडं, रगात, काळीज.”

साहेब थोडे बाजूला सरकले.

तिकडे बाकड्यावर कैनातने मान वर केली. तिचा पहिला अर्धा तास संपला होता. भागूबाईंच्या हातातल्या फोनवर ओटीपीचा मेसेज वाजला. फोटोग्राफर म्हणाला, “इकडं बघा सगळ्यांनी,” आणि भागूबाईंनी फोन पदराखाली घेतला आणि चालू लागल्या.

“ओ मावशी! फोटो!”

“काडा की तुमी. मला काम हाय.”

“कुठं निघाल्या त्या?” साहेबांनी विचारलं.

“शौचालयाकडे,” सत्यशीला म्हणाल्या. दिशा तर तीच होती.

“बरं बरं. मॅडम, तुम्ही या मध्ये. जागा भरा.”

सत्यशीला ऐकू न आल्यासारख्या समोर बघत राहिल्या. साहेबांना पुढे मीटिंग होती. फोटो निघाला.

पेपरात तो छापून आला. त्यात साहेब आहेत, वाबळे आहेत, कडेला ताठ उभ्या सत्यशीला गायके आहेत. आणि मधोमध एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे.